नाल्यानं सोडलेला तुकडा

मला अजून उलगडा होत नाही, म्हणून सांगते.

आमच्या आणि बाबूसिंगच्या वावरांच्या मधून नाला वाहायचा. एका पुरात त्यानं वाट बदलली आणि मधे गाळाचा एक तुकडा उघडा पडला. आमचे हे म्हणाले, आपला नाही. बाबूसिंग म्हणाला, आमचाही नाही. तलाठ्यानं नकाशा पाहिला, तर नकाशात तिथं अजून नालाच होता. कापसाला मातीमोल भाव, हातातलं वावरच जड झालेलं. नवा तुकडा हवाय कुणाला?

तो सुखीबाईनं घेतला. घेतला म्हणजे, आम्हा दोन्ही घरी विचारून तिथं काडीनं भोकं पाडून सरकी टोबली. तांड्यावरची ही म्हातारी जन्मभर दुसऱ्यांचा कापूस वेचत आलेली; स्वतःची वीतभर जमीन नाही. आमची उरलेली सरकी मीच तिला दिली. निंदण तिनं एकटीनं केलं. गाळाची जमीन ती, कापसाची पराटी अशी माजली की आमच्या वावराकडे बघवेना.

बोंडं फुटली. तुकडा पांढराफेक झाला. आणि ही बया धुऱ्यावर, बांधाला हात जोडून बसलेली!

"बसून काहून राह्यली वं? वेच ना!"

"सीतादही नाही झालं ना, इंदूबाई."

वेचणीच्या पहिल्या दिवशी मालकीण पराटीखाली पाच खडे मांडते, दहीभात वाहते, मगच बाया झाडाला हात लावतात. आम्ही बौद्ध झालो तेव्हापासून आमच्याकडे हे नाही. पण सुखीबाई आमच्या वावरात गुपचूप खडे मांडते आणि "तुह्या नावानं केलं" म्हणून सांगते. मी कानाडोळा करते.

"मंग इथं तुह्या नावानं कर!"

"माह्यं वावर हाय का हे?"

"पेरलं कोनं?"

"पेरलं म्या. म्हनून का मी मालकीन झाली?"

माझं डोकं फिरलं. 'माझ्या नावानं कर' असं अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं. माझं नाव घेतलं की उद्या तो तुकडा आमचा नाही का होणार? आणि खोटं कशाला बोलू, तो कापूस बघून क्षणभर तुकडा आमचा व्हावा असंही वाटलं. मला माझीच भीती वाटली. मी घरी निघून आले.

मग ती बसंतीबाईकडे गेली, बाबूसिंगच्या बायकोकडे. बसंतीबाई मनानं मोकळी. दुसऱ्या दिवशी सकाळी दहीभात घेऊन आली, खडे मांडले, पाया पडली. दुपारी बाबूसिंग बैलगाडी घेऊन हजर.

"माह्या बायकोनं सीतादही केलं, म्हंजे वावर आमचं झालं," तो म्हणाला. सुखीबाईला तो आईसारखा याडी म्हणतो. "याडी, तुले वेचाईची मजुरी देतो. बराबर देतो."

बसंतीबाईचा चेहरा उतरला; पदर सावरत तिनं गाडीकडे पाठ केली. सुखीबाई तर केव्हाच ओटी बांधून वेचायला लागली होती.

"अवं, तुह्यं पीक गेलं ना!" मी ओरडले.

ती हसली. "वावराले मालक भेटला ना, बाई. आता जीवाले घोर नाही."

बाबूसिंगला चोर म्हणावं, तर त्यानं चोरलं कुणाचं? घरी यांना विचारलं तर म्हणाले, "आपल्याले काय करायचं?"

पुढच्या पावसाळ्यात नाला परत आपल्या जुन्या वाटेला आला आणि तुकडा पाण्याखाली गेला. बाबूसिंग काठावर येऊन बघून गेला. "सरकारचा नाला होता, आपलं काय गेलं?" असं म्हणत त्यानं बैल वळवले. आमचंही काही गेलं नव्हतं.

सुखीबाई मात्र त्या गढूळ पाण्यापुढे मटकन खाली बसली आणि ऊर बडवून रडू लागली.

"माह्यं वावर गेलं वं, इंदूबाई! माह्यं वावर गेलं!"