सहाणेवरचं दूध

प्रांजलचं उष्टावण झालं आणि आठवड्याभरात तिच्या ओठांभोवती लाल गांधी उठायला लागल्या. सकाळी अंघोळ, मग गुटी, मग मी पाजायची, मग खीर नाहीतर नाचणीची पेज. एवढं होईस्तोवर हनुवटी लालभडक. दुपारपर्यंत सगळं जिरायचं. ताप नाही, धाप नाही, पण पोर खाजवून खाजवून हैराण.

सांगलीतल्या डॉक्टरांनी नीट बघितलं. "कसलीतरी ॲलर्जी दिसतेय, साधीच आहे. तोंडात काय काय जातं?" मी सांगितलं, खीर, पेज, केळं, अंड्याचा बलक. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच बसलेल्या. त्यांनीही मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "हे सगळं थोडे दिवस बंद. फक्त अंगावर पाजा. पुरळ गेलं की एकेक जिन्नस सुरू करा, मधे चार दिवस जाऊ द्या. दूध मात्र तोडू नका."

सगळं बंद केलं. गांधी उठतच राहिल्या. एकदा तर डोळासुद्धा सुजला.

आत्याबाई जतकडच्या. बोलायला लागल्या की समोरच्यानं गप्प बसायचं. त्या दिवशी चुलीपुढून म्हणाल्या, "शरयू, खायाचं समदं थांबलं. तरी उठतंयच. मग ऱ्हायलं काय? तुजं दूदच की गं."

"आवं आत्याबाई, आईच्या दुधानं कुठं पुरळ येतं का?"

"बगूया की."

पितळेच्या वाटीत माझं दूध काढायला लावलं आणि त्यात काळी मुंगी सोडली. मुंगी जगली तर दूध चांगलं, मेली तर वाईट, अशी त्यांच्याकडची रीत. मेली मुंगी. पाण्यात सोडली असती तरी मेलीच असती मेली! पण हे सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. माझ्यासमोर पोरीचा सुजलेला डोळा होता.

आमचे हे, धनाजी, रिक्षा लावून जेवायला आले होते. म्हणाले, "आई म्हंतीय तर दोन आठवडं पाजायचं थांबवूया. पोरीच्या जिवापुढं काय हाय?" डॉक्टरांना विचारते म्हटलं, तर आत्याबाई फणकारल्या, "त्यांनी काय दिवं लावलं?"

मग मोगरा आला. दूध आटायला छातीवर मोगऱ्याची फुलं बांधतात. आत्याबाईंनी स्वतः ओंजळभर फुलं ठेवली आणि वरून जुनं लुगडं करकचून आवळलं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. पलीकडच्या खोलीत प्रांजल भुकेनं रडायची आणि इकडं माझं लुगडं भिजायचं. मला जाऊ देत नव्हते. तेव्हापासून मोगऱ्याचा वास आला की मला मळमळतं. कुणी गजरा पुढं केला तर मी सरळ नको म्हणते, लोक म्हणेनात का शिष्ट.

शेळीचं दूध सुरू झालं, वाटी-चमच्यानं. हळूहळू माझी छाती मऊ पडली. पुरळ? ते होतंच! "अंगातली बाधा उतराया येळ लागतो," इति आत्याबाई.

पुढं त्यांचा भाऊ आजारी पडला आणि त्या जतला गेल्या. जाताना बजावलं, "गुटी चुकवू नगंस. बदामाचं येढं वाढव, जरा जास्ती उगाळ, पोरगी लय वाळलीया."

सकाळी मी सहाण घेऊन बसले. पूर्वी गुटी माझ्याच दुधात उगाळायचे, आता शेळीच्या. वेखंड, हळकुंड, खारीक उगाळून झाली. बदाम हातात घेतला तर मांडीवरल्या प्रांजलनं तो हिसकावला. ओला बदाम मुठीत धरून चोखायला लागली. मी हसले, चोख बाई चोख. आणि माझ्या देखत तिच्या तळहातावर गांध उठली. मग मनगटावर. मग ओठांवर. जिथं जिथं बदाम लागला, तिथं तिथं.

मी सहाणेकडं बघतच राहिले. उष्टावण झाल्यावरच तर आत्याबाईंनी गुटीत बदाम घातला होता, पोर आता खाती झाली म्हणून.

डॉक्टर चिडले. "मी विचारलं होतं ना, तोंडात काय काय जातं?"

"तुम्ही खाण्याचं विचारताय असं वाटलं," मी म्हटलं. "गुटी काय खाणं आहे?"

त्यांनी बदाम बंद करायला सांगितला आणि मग विचारलं, "अंगावर पाजताय ना?" मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लावत राहा, येईल कदाचित." मी लावत राहिले. ती तोंड फिरवायची. एखादा थेंब यायचा, पुढं तोही येईना. मला सगळ्यांचा राग आला होता, आत्याबाईंचा, यांचा, त्या मेल्या मुंगीचासुद्धा.

बदाम गेला आणि पुरळ गेलं. खीर सुरू झाली, मग पेज, मग बलक. सगळं पचलं.

आत्याबाई जतहून आल्या तेव्हा प्रांजलचे गाल स्वच्छ होते. मी बदामाचं सांगितलं. त्यांनी डबीतला बदाम हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्यो व्हय? आमच्या समद्या पोरी ह्येच्यावर वाडल्या की गं." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजी तुज्या दुदात खोट न्हवती! बरं झालं बाई. मला लय लागून ऱ्हायलं हुतं. मग आता पाज की गं पोरीला."

अगदी मनापासून म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच प्रांजलला पदराखाली घेतलं. तिनं दोनदा ओढलं, सोडलं, आणि मान वळवून फळीवरच्या वाटीकडं हात केला.

आत्याबाईंच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग त्याच उठल्या, शेळीचं दूध कोमट केलं आणि वाटी-चमचा माझ्या हातात दिला. प्रांजलनं लगेच तोंड उघडलं.