दीड मीटर

"टोक नीट धरा, पिराजीमामा," म्हणत सबिनाने पोलादी पट्टीवर टेप तिसऱ्यांदा ताणला. आकडा तोच आला. पाच मीटर. नकाशात साडेसहा होते, आणि तो नकाशा तिने स्वतः केला होता.

हातकणंगल्याजवळच्या नव्या पुलावर चढणाऱ्या रस्त्याची ही भिंत. नऊ मीटर उंच. बाहेरून काँक्रीटची पॅनेलं तेवढी दिसतात. पण भिंत उभी राहते ती मुरमाच्या भरावात थराथराने आडव्या पुरलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जोरावर. पट्टीचं एक टोक पॅनेलला बोल्टने जखडलेलं, बाकीची मागे भरावात. पॅनेलजवळची माती बाहेर ढकलत असते आणि मागची माती पट्टीला धरून ठेवते. कमी केलेला दीड मीटर मागचा होता. धरणारा.

"ट्रकातनं ह्याच आल्यात की," पिराजी मुकादम म्हणाला. "खालचं सात थर ह्येच्यावरच हायत."

म्हणजे सात थर पुरून, वरून रोलर फिरवूनही झाले होते. कंत्राटदाराचा इंजिनिअर ऋतुराज शेडमधून आला. त्याने काहीच नाकारलं नाही.

"मॅडम, एकदा भराव पडला की आतलं कुणाला दिसतंय?" चहा विचारावा तितक्या सहज तो म्हणाला.

सबिनाची कानशिलं तापली. काम थांबवा, असं तिने बजावलं. आमच्या साहेबांनी सांगितल्याशिवाय थांबत नसतं, असं उत्तर मिळालं. तिच्यासमोरच आठवा थर अंथरायला घेतला.

सबिना नदाफ चौदा वर्षं विश्वजित सरांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात डिझाइन करत होती. तिचे वडील गाद्या भरायचे. आतला कापूस गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणूनच तो चांगला घालायचा, एवढी एकच गोष्ट त्यांनी तिला कधी ओरडून शिकवली होती. पट्टी तुटणार नाही ना आणि मातीतून उपसून येणार नाही ना, या दोन प्रश्नांपायी ती प्रत्येक थराचं गणित दोनदा करायची. ऑफिसात यावरून तिची थट्टाही होत असे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. कंत्राटदाराला कडक पत्र काढतो म्हणाले. चार दिवसांनी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि तोच नकाशा तिच्यापुढे सरकवला. पाच मीटर बसवून दे, असं त्यांचं म्हणणं होतं. मातीची पकड थोडी जास्त धरली की गणित जुळत होतं.

"लॅबचा रिपोर्ट तसं म्हणत नाही, सर."

"रिपोर्ट दुसरा येईल. तू आकडा धर की."

"मी आकडा धरीन. माती पट्टीला धरणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय तिथेच संपवला. आठवड्याभरात सुधारित नकाशा मंजूर झाला. 'डिझाइन' या चौकटीत आता पुण्यातल्या कुणाचं तरी नाव होतं. त्या माणसाने ती जागा पाहिलेलीही नव्हती.

सबिनाने रस्त्याचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. मग त्याच्या वरच्या कार्यालयाला. खालचे थर उकरून पाहा, एक पट्टी ओढून तपासा, एवढीच मागणी. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: भिंतीचे काम मंजूर नकाशाप्रमाणेच झाले आहे. त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं. ते वाचून तिला रडू यायला हवं होतं. आली ती नुसती चीड. त्याच दुपारी तिने राजीनामा दिला. आता ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यासाठी यंत्रांचे पाये आखते.

भिंत पडली नाही. दोन पावसाळे झाले. एका लग्नात विश्वजित सर भेटले तेव्हा त्यांनी तिच्या ताटात मायेने जिलेबी वाढायला लावली आणि चारचौघांत म्हणाले, "उभी हाय की गं तुझी भिंत."

"मुरूम भिजला, वर ट्रकांची रांग थांबली, तर असावं म्हणून मी जादा बळ राखलं होतं, सर. ते संपवून उभी आहे ती," सबिना म्हणाली. माणसं हसली. कुणीतरी विषय बदलला. ती ताट तसंच ठेवून निघाली.

पुढच्या सुट्टीला ती स्कूटर घेऊन पुलापाशी गेली. भिंतीच्या पायथ्याशी, सावलीत, एक म्हातारी उकडलेल्या शेंगा विकत बसली होती. नाव बनाबाई. दोन वर्षं इथंच बसते म्हणाली. सबिना तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मावशी, हितं बसू नका. ही भिंत कच्ची हाय."

"सरकारनं बांधलीया न्हवं?"

"व्हय. पर तिचं गणित मी केलतं. ते त्यांनी पाळलं न्हाय."

बनाबाईने मान वर करून पॅनेलांकडे पाहिलं, मग सबिनाच्या तोंडाकडे.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"दोन वर्षं झाली."

"मग आमास्नी आदी सांगायचं की, बाई."

सबिनाने किती पत्रं लिहिली होती. सगळी वरच गेली होती.

बनाबाईने शेंगांवर फडकं टाकलं, तराजू काखेत मारला आणि पाटीला हात घातला. दुसऱ्या बाजूने सबिनाने धरली. दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. तिथे झाड नव्हतं, टपरी नव्हती. बनाबाईने भर उन्हात पोतं अंथरलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.