शिवलेले खिसे

अनघानं मलमलच्या घडीतून ती डांगरी काढली तेव्हा तिच्या हातात पांढरे मोजे होते. निळ्या जाड कापडाची, शर्ट आणि पँट एकाला एक जोडून शिवलेली, गुडघ्यावर विटून गेलेली कामगाराची डांगरी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा डांगऱ्या रोजच शिवल्या जात. पण मोजे घालून डांगरी धरणारं माणूस विमलताईंनी सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"बाळंतिणीच्या घरून आनली का?" खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान विठ्ठलराव म्हणाले.

"बाबा!" सुरभीनं वडलांकडे डोळे वटारले.

तिचं वटारणं बरोबर होतं. शेड तिची होती. चार मशिनी टाकून दोन वर्षं ती मसाल्याच्या कारखान्यांचे गणवेश शिवत होती, आणि पहिल्यांदाच असं काम दारात आलं होतं की ज्याच्या शेवटी पडद्यावर तिचं नाव दिसणार होतं. अनघा पुण्याहून आली होती. मालिकांचे कपडे बघणं हे तिचं काम. 'खाणग्रह नऊ' नावाची जुनी मालिका नव्यानं निघणार होती, आणि तिच्यासाठी अगदी जुन्यासारख्या बारा डांगऱ्या हव्या होत्या.

ही मालिका सत्त्याऐंशी साली टीव्हीवर लागायची. तेरा भाग. दूरच्या ग्रहावर मजूर खनिज खणतात, एवढीच गोष्ट. पण इतर मालिकांतले अंतराळवीर चंदेरी कागद गुंडाळल्यासारखे दिसायचे, आणि हे मजूर मजुरांसारखे दिसायचे. त्यांच्या अंगावर खरे, घामानं कडक झालेले कपडे होते. लोक त्यावर वेडे झाले, अजून आहेत. आणि सगळ्यात जास्त वेडे झाले ते खिशांवर. प्रत्येक डांगरीचे दोन्ही खिसे तोंडाशी शिवून बंद केलेले होते. का, ते तेरा भागांत कुणी बोललं नाही. मग शिकलेले लोक बोलायला लागले. एका प्राध्यापकानं लिहिलं की भविष्यातल्या माणसाकडे स्वतःचं असं काहीच उरणार नाही, म्हणून खिसे बंद. दुसऱ्यानं लिहिलं की त्या ग्रहावर वजन कमी, वस्तू तरंगत बाहेर येतील. एकानं तर तो तिरपा टाका दंडावर गोंदवून घेतला.

गरिबाच्या कपड्याला भोक दिसलं की या लोकांना त्यात तत्त्वज्ञान सापडतं. भोक पडलं कसं, हे विचारायचं तर दिग्रसची एसटी धरावी लागते. ती कोण धरतो?

अनघानं धरली, एवढं तिच्या नावावर लिहायला हवं. डांगरीच्या कॉलरमध्ये दिग्रसच्या एका जिनिंगचा पुसट शिक्का होता. कापसातून सरकी वेगळी करणारा तो कारखाना कधीच बंद पडलेला. तिथं विचारत विचारत तिला कळलं की तिथले कपडे विठ्ठलराव फिटरची बायको शिवायची, आणि ती आता लेकीजवळ लोहाऱ्याला असते.

"कापड जमलंय, रंग जमलाय," अनघा सुरभीनं नमुन्याला शिवलेल्या नव्या डांगरीवरून हात फिरवत म्हणाली. "फक्त खिसे. सुरभीताई, तुमचा टाका मशिनचा आहे, सरळ. हा बघा, प्रत्येक टाका खालून वर चढलाय. अंतरही सारखं नाही. मावशी, हा तुमचाच ना? असाच घालून द्या."

"नाही जमायचा," विमलताई म्हणाल्या.

"काहून नाही जमायचा?" सुरभी म्हणाली.

"डोये गेले माहे."

"काल बिना चष्म्यानं सुई ओवली तू! ताई, आई सहजच म्हनून राह्यली. आजच बसते ती."

"नाही बसत. डांगरी शिवतो, काजं करतो, जे म्हनशीन ते करतो. खिसे बंद नाही करत."

सुरभीचा आवाज चढला. "आई, एवढं एक काम आलं माह्या हाती. दोन वर्षांत एक. तुले काय होते दोन टाके घालाले?"

विमलताईंनी लेकीकडे पाहिलं. अडतीस वर्षं जे सांगितलं नव्हतं ते आता सांगावं लागणार, नाहीतर पोरगी समजणार की आई माजली. त्यांनी कात्री बाजूला ठेवली.

"तो टाका टेबलावर पडतच नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी आत मानूस लागते."

शहाऐंशीचा हंगाम होता. जिनिंगच्या शेठला संशय आला की मजूर खिशात भरून सरकी नेतात. मूठभर सरकी! पण शेठचा संशय म्हणजे पुरावाच. सकाळी आठला पाळी बदलताना त्यानं बावीस जणांना गेटवर रांगेत उभं केलं आणि विमलताईंना बोलावणं धाडलं. त्या म्हणाल्या, कपडे काढून द्या, संध्याकाळपर्यंत शिवून आणते. शेठ म्हणाला, अंगावरच शिव, सगळ्यांना दिसलं पाहिजे.

म्हणून त्या मातीत गुडघ्यावर बसल्या. सुई मांडीत घुसू नये म्हणून डावा पंजा कापडाच्या आत सरकवायचा आणि सुई खालून वर काढायची. तिरपा टाका तो असा पडला. अंतर सारखं नाही, कारण माणूस श्वास घेतो. बाप्ये, मिशावाले, पोरंबाळं असलेले, वर पत्र्याकडे बघत उभे. चौदावा धरमसिंग. त्याच्या तांड्यावरच्या लग्नात विमलताई जेवून आलेल्या. त्यानं खिशावर हात दाबून धरला.

"भाभी, तू बी?"

एवढंच म्हणाला आणि हात काढला. त्यांनी शिवला. त्यानंतर त्यानं त्यांना भाभी म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

"तीन महिन्यांनी ट्रक सापडला," विमलताई म्हणाल्या. "सरकी शेठचा सालाच नेत होता. पन खिसे उसव म्हून कोनी सांगतलं नाही. मंग ते टीव्हीवाले आले, जुने कपडे पाह्यजेत म्हने. शेठनं बावीसच्या बावीस देऊन टाकले. मजुराइले नवे दिले. त्याले खिसेच नव्हते."

"मावशी, हे किती जबरदस्त..." अनघा बोलून गेली. मग विमलताईंचा चेहरा बघितला आणि तोंड मिटलं. हातातले मोजे मात्र तिनं काढून टाकले.

"सगळ्यात पहिला खिसा यायचा शिवला मी," विमलताई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "सोताच्या नवऱ्याचा."

"मी पाचवा होतो," विठ्ठलराव म्हणाले.

"काय?"

"रांगेत. पाचवा होतो. पुढं घुसलो."

"काहून?"

"तुहा हात थरथरत होता. माह्या मांडीत घुसली तं चालते. दुसऱ्याच्या घुसली असती तं तुले जल्मभर लागलं असतं." ते खुर्चीत सरकले. "तसं बी लागलंच म्हना."

विमलताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर सात घरं ऐकू जाईल असा ओरडतो, आणि हे पोटात ठेवून बसला होता.

सुरभीनं सगळं ऐकलं, पण तिची गरज तशीच होती. तिनं नवी डांगरी उचलली आणि सलवार-कुर्त्यावरूनच चढवली. "आई, ते झालं ते वाईटच झालं. पन आता हे नाटक आहे. मी चोर नाही, तू शेठची मानूस नाही. घाल माह्या अंगावर."

"सुरभे, नाही होत माह्यानं."

"मग मी घालून बघू?" अनघानं हळूच विचारलं. "बसून?"

कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अनघा फरशीवर गुडघे टेकून बसली. डावा पंजा आत सरकवला, सुई खालून वर काढली. एक टाका. दुसरा. तिसरा. हुबेहूब. खालून वर चढलेला, अंतर वाकडंतिकडं. दंडावर गोंदवणाऱ्यालाही फरक कळला नसता.

चौथ्याला सुरभीचा हात आपोआप खाली आला आणि खिशावर दाबून बसला.

तिनं तो मुद्दाम ठेवला नव्हता. आपला हात तिथं कसा गेला याचं तिलाच नवल वाटलं. तिनं वर बघायचं ठरवलं तर वर पत्रा होता. खाली बघितलं तर एक बाई पायाशी बसलेली. दोन्हीकडे बघवेना.

"उठा ताई," ती म्हणाली. "राहू द्या."

"हात लागला का सुईला?"

"नाही लागला. उठा. डांगऱ्या उघड्या खिशाच्या न्या, नाहीतर नका नेऊ. आमच्या शेडमधून बंद खिसे नाही जायचे."

"सुरभीताई, वरचे लोक ऐकतील की नाही, मला खरंच माहीत नाही. काम जाऊ शकतं."

"जाऊ द्या."

विमलताईंनी लेकीला जवळ वगैरे घेतलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. त्यांनी वाकून कात्रीच्या टोकानं ते तीन टाके तेवढे उसवले.

अनघा फोन घेऊन बाहेर गेली. बराच वेळ उन्हात फेऱ्या मारत, हातवारे करत बोलत होती. आत सुरभी मशिनीवर बसली, अंगात डांगरी तशीच. परत आली तेव्हा अनघाचं तोंड लाल झालेलं.

"खिशांचं विचार करून सांगतो म्हणाले. हो पण नाही, नाही पण नाही," ती म्हणाली. "पण मी त्यांना ती रांग सांगितली. ती त्यांना मालिकेत हवी आहे. सुई धरलेली बाईसुद्धा. मावशी, तुम्ही येऊन नटीला दाखवाल का, कसं बसायचं ते?"



"दिग्रसजवळ धरमसिंगचा तांडा आहे," विमलताई म्हणाल्या. "पहिलं त्याले इचारा. रांगेत तो उभा होता, मी नाही. तो हो म्हनला तं येतो."

"आणि काही सांगायचं आहे का त्यांना?"

"एकच. त्या बाईले रडवू नका. मी रडली नव्हती. मी बावीसचे बावीस शिवले, उठली, अन् घरी जाऊन भाकरी टाकल्या."