काउंटीकडे वर्ग

स्नेहल मेश्राम मूळची नागपूरची. सिंगापुरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती आणि त्यातली सहा तिने आंग मो किओच्या एका ऑफिसात बसून अमेरिकेतल्या एका शहराची छपरं मोजण्यात घालवली होती. त्या शहरात पावसाळी गटारांचं शुल्क घरागणिक वेगळं असायचं. ज्याच्या आवारात छप्पर आणि सिमेंट जास्त, त्याचं पाणी गटारात जास्त जाणार, म्हणून त्याला बिलही जास्त. विमानातून काढलेल्या फोटोंवर स्नेहल आणि तिचे चार सहकारी ही मापं घ्यायचे, बिलं काढायचे आणि लोकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचे.

मे महिन्यातल्या एका सोमवारी तिच्या मॅनेजरने, सौमित्रने, तिला आत बोलावलं.

"शहर हे काम काउंटीला देतंय," तो म्हणाला. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. "पाण्याचं बिल काउंटीच पाठवते, त्यातच हे शुल्क घालणार. तीस जूनला आपलं कॉन्ट्रॅक्ट संपतंय."

"आणि आपण?"

"हॉस्पिटलच्या प्रोजेक्टला एकच जागा आहे. बघू." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "तक्रारी किती पडून आहेत?"

"त्रेसष्ट."

"'काउंटीकडे वर्ग' असा शेरा मार आणि सगळ्या बंद कर."

"पण बंद केलेल्या तक्रारी काउंटी घेणारच नाहीये."

"मला माहितीये, स्नेहल," सौमित्र म्हणाला, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काउंटीबरोबर व्हिडिओ कॉल होता. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजले होते. समोर डोरीन नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, "न सुटलेल्या तक्रारी किती येतील?"

"एकही नाही," सौमित्र म्हणाला.

"बरं झालं. इथे आम्ही दोघंच आहोत," डोरीन म्हणाल्या. स्नेहलने वहीत त्रेसष्ट हा आकडा लिहून त्याखाली रेघ मारली.

ऑफिसात आल्यावर तिने यादी उघडली. पहिलीच तक्रार एका म्हाताऱ्या गृहस्थांची. त्यांच्या गॅरेजवर झाड पडलं होतं. त्यांनी गॅरेज पाडलं, खालचं सिमेंट उखडलं आणि तिथे गवत लावलं. तरी बिल गॅरेज धरूनच येत होतं, कारण विमानाचा फोटो जुना होता. त्यांनी मोजायची टेप जमिनीवर पसरून काढलेले फोटो चार वेळा पाठवले होते. चारही वेळा उत्तर गेलं होतं, 'तपासणी चालू आहे.' खाली सही स्नेहलची होती.

तिने त्या फोटोंवरून माप काढलं आणि बिल दुरुस्त केलं. वीस मिनिटं लागली. चौदा महिने रखडलेलं काम.

त्या दिवसापासून ती तास-दीड तास आधी ऑफिसात येऊ लागली. हँडओव्हरची कागदपत्रं दिवसभर असायचीच. मुलीला, मेधाला, शाळेत सोडायचं काम तिच्या नवऱ्याने, उज्ज्वलने, अंगावर घेतलं. एका रविवारी मेधा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, you always sleeping, lah." स्नेहलने डोळे उघडले. ती खरंच झोपली होती.

सत्तेचाळीस तक्रारी झाल्या. मग सव्वीस जूनला, चार दिवस आधीच, शहराने सिस्टिम बंद केली. लॉगिन होईना. सोळा राहिल्या.

त्या सोळांचे पत्ते आणि थोडक्यात हकिगत तिच्या वहीत होती. तिने डोरीनना मेल लिहिली. 'एकही तक्रार नाही असं आम्ही सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.' सौमित्रलाही तिने तीच मेल पाठवली, लपवून काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोरीनचं उत्तर आलं. 'मिळालं. ऑक्टोबरच्या आत जमणार नाही. सांगितलंत, बरं केलंत.'

सौमित्र तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "मला विचारायचं तरी होतंस."

"नाही म्हणाला असतास."

"हो," तो म्हणाला. "सोमवारपासून हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर जा. तुझं नाव मी गेल्याच आठवड्यात दिलं होतं."

पलीकडच्या टेबलावर प्रणिता ड्रॉवर रिकामा करत होती. पुण्याची मुलगी, नोकरी असेपर्यंतच चालणाऱ्या एम्प्लॉयमेंट पासवर आलेली, पुढची नोकरी अजून नाही. स्नेहलने तिला खोकं धरायला मदत केली.

संध्याकाळी मेट्रो, म्हणजे MRT, बदलत स्नेहल पुंगोलला आली आणि तिथल्या तिथे गोल फिरणाऱ्या छोट्या LRT गाडीत बसली. घर चार स्टेशनांवर होतं. डोळे उघडले तेव्हा गाडी पूर्ण फेरी मारून पुन्हा पुंगोललाच उभी होती. फोन वाजत होता.

"कुठे आहेस?" उज्ज्वलने विचारलं. "वरणभात गार होतोय."

"येतेय," ती म्हणाली. "एक फेरी जास्त झाली."

दारं बंद झाली. या वेळी ती उभी राहिली, वरची कडी घट्ट धरून.