खऱ्या मापाची रेघ

आत्याचं टेबल हलवायचं ठरलं तेव्हा आत्याला कुणी विचारलं नाही. टेबलाला तरी कुणी विचारतं का? तिची गणती त्यातच होती.

सत्तावीस वर्षं ते टेबल दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, एकाच जागी उभं होतं. दुकान दादाचं. कारखान्यांना लागणारं सगळं किडुकमिडुक तिथे मिळायचं: नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, पट्टे आणि पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा. दर दोन वर्षांनी दुकानाचा कॅटलॉग छापून निघायचा, सव्वासहाशे पानांचा, उशाला घेता येईल एवढा जाड. तो तयार करायची दादाची धाकटी बहीण. दादाचा मुलगा तिला आत्या म्हणायचा, म्हणून दुकानातले सगळेच म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा टेम्पोवालासुद्धा.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर दादाचा कोटातला फोटो असायचा. शेवटच्या पानावर छापखान्याचं नाव असायचं, फोन नंबरासकट. म्हणजे शाई लावणाऱ्याचं नाव होतं, रेघ काढणारीचं नव्हतं. ह्यात कुणाला काही खटकलं नाही. खटकण्यासाठी आधी दिसावं लागतं.

आणि त्या पुस्तकातला सगळ्यात जास्त मळणारा भाग होता रिंगांची चोवीस पानं. त्याचं कारण सांगितलं पाहिजे. रबरी रिंग मोजायची म्हणजे डोकेदुखी असते. मोजपट्टीवर ती धड बसत नाही, व्हर्निअरच्या मोजणाऱ्या चिमट्यात धरली तर दबते आणि खोटं माप सांगते. पंप उघडून बसलेल्या माणसाचे हात तेलाने माखलेले, वरून मालक डोक्यावर उभा. त्याने मोजायचं कधी? म्हणून आत्याने पहिल्याच वर्षी ठरवलं की रिंग कागदावर तिच्या खऱ्या आकारातच काढायची, ना लहान ना मोठी. तीनशे अठरा रिंगा, तीनशे अठरा वर्तुळं, कंपासने आणि शाईच्या पेनने. छापखान्यातून पहिलं पान आलं की ती त्यावर व्हर्निअर ठेवायची. केसाएवढा फरक निघाला तरी पान परत. छापखानेवाला तिला मागून काय काय म्हणायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडावर मात्र 'जी ताई' म्हणायचा.

गिऱ्हाइकाने करायचं एवढंच, की जुनी रिंग पानावर ठेवायची. जी रेघ बरोबर झाकली जाईल तिचा नंबर कळवायचा. बस.

मग भाच्याने कॅटलॉग इंटरनेटवर टाकला. भाचा तिशीचा होता, हुशार होता, मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला वाटायचं की आपण जन्मण्याआधी लोक अंधारात चाचपडत होते. चार महिने खपून त्याने नट-बोल्ट, बेअरिंग, पट्टे सगळं नीट मांडलं. शेवटी रिंगांशी आल्यावर कंटाळला आणि ती चोवीस पानं सरळ स्कॅन करून चढवली. गिऱ्हाइकांकडची पुस्तकं मळून फाटलेलीच होती, तीही तिथूनच मागवू लागली.

बारा तारखेला दादाने आत्याला काउंटरवर बोलावलं.

"एक तारखेपासून पुस्तक बंद," तो म्हणाला. "छपाईचा व्याप आता नको. तू मागे पॅकिंग बघ. तुलाही जरा आराम."

"आराम मी मागितला होता?"

"तसं नाही गं. पण आता चित्रं काढायला काय उरलंय?"

"आणि टेबल?"

"तिथे पोराचे कॉम्प्युटर यायचेत. तुला बसायला स्टूल आहे की."

आत्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आज बारा. एकतीसचा महिना आहे. म्हणजे अजून एकोणीस दिवस टेबल माझं."

"तुझंच आहे म्हण."

"म्हणायला कशाला पाहिजे, आहेच."

ती मागे गेली. रडली वगैरे नाही. ज्यांना बायकांच्या गोष्टीत डोळ्यांना पदर लागलेला हवा असतो त्यांनी दुसरीकडे बघावं. तिने पेन पुसलं, कंपासचं टोक पाहिलं आणि पॅकिंगमध्ये आजपासूनच लक्ष घातलं. काम समजून घ्यायचं तर उद्याची वाट कशाला?

पॅकिंगमध्ये दोन ढीग असायचे, जाणाऱ्या मालाचा आणि परत आलेल्या मालाचा. दुसरा ढीग पहिल्याच्या वर गेला होता. सगळ्या रिंगा. नट-बोल्ट एकही परत आलेला नव्हता, हे आत्याने मनात टिपून ठेवलं. ती रागावली होती, पण रागात तिने कधी खोटं माप घेतलं नव्हतं.

"हे काय आहे?" तिने भाच्याला विचारलं.

"गिऱ्हाइकं," भाचा म्हणाला. "स्वतःची रिंग स्वतःला ओळखता येत नाही. कुणाला मोठी जाते, कुणाला लहान. मी तिथे 'नीट तपासून मागवा' असं लाल अक्षरात टाकलंय."

"मग?"

"मग काय, लाल अक्षरं वाचून चुकीची मागवतात."

दादा तिकडून म्हणाला, "लोकांची अक्कलच कमी झालीये."

आत्याला हे पटलं नाही. हीच माणसं सत्तावीस वर्षं तिच्या पानावरून बिनचूक रिंगा मागवत होती. आता अचानक एवढी अक्कल कुठे सांडली? एका माणसाची सांडली असती तर गोष्ट वेगळी.

ह्या धंद्यात एक रीत आहे. माल परत पाठवायचा तर नव्या रिंगेला जुनी रिंग दोऱ्याने बांधून पाठवायची, म्हणजे 'ही आली, ही पाहिजे होती' असं पत्र लिहावं लागत नाही. आत्याने तो सगळा ढीग आपल्या टेबलावर ओतला आणि गिऱ्हाइकांप्रमाणे जोड्या लावल्या. मग पुस्तक उघडलं आणि एकेक रिंग आपल्या रेघांवर ठेवून माप लिहीत गेली.

डेअरीच्या पंपवाल्या मिस्त्रीच्या अकरा जोड्या होत्या. त्याची जुनी वीस मिलीमीटरची, तर नवी पन्नासची. जुनी बत्तीसची, तर नवी ऐंशीची. अकराच्या अकरा वेळा अडीच पट. रंगाच्या कारखान्याकडून आलेल्या सहा जोड्या उलट्या: नवी जुनीपेक्षा लहान, पण सहाही वेळा सारख्याच हिशेबाने लहान. प्रत्येकाची चूक वेगळी, पण ज्याची त्याची चूक पक्की.

आत्या खुर्चीत मागे टेकली. वेंधळा माणूस असा चुकत नाही. कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. एवढं शिस्तीत चुकायचं तर हातात काहीतरी शिस्तीचं पाहिजे.

ते काय, हे दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतःच घेऊन आला. डेअरीचा पंप बंद, बाराव्यांदा आलेली रिंग मनगटात बांगडीसारखी चढवलेली.

"ताई, हे घ्या," त्याने हात पुढे केला. "पंपाला बसत नाही, निदान मला तरी बसली."

दादा म्हणाला, "मिस्त्री, नंबर तुम्हीच दिला होता. आमच्याकडे लिखित आहे."

"लिखित आहे तर पंपाला वाचून दाखवा. तो ऐकत नाही."

"मिस्त्री," आत्या म्हणाली, "तुम्ही नंबर कसा काढता, मला करून दाखवा. जसं तिथे करता तसंच."

मिस्त्रीने खिशातून जुनी रिंग काढली, पँटला पुसली. दुसऱ्या खिशातून मोबाईल काढला. रिंगांचं पान उघडलं आणि ती रिंग मोबाईलच्या काचेवर ठेवली. जीभ दातांत धरून, डोळा बारीक करून, जरा इकडे, जरा तिकडे. एका वर्तुळावर ती बरोबर बसली, आणि त्याने नंबर वाचला.

भाचा हसायला लागला. पोट धरून हसला. "अहो, तो फोन आहे. पान त्यात मावावं म्हणून लहान झालेलं असतं. फोनवर ठेवून मोजतात का कुणी?"

मिस्त्री हसला नाही. कानापर्यंत लाल झाला. पन्नाशीच्या माणसाला पोरासोरांनी हसावं, आणि तेही त्याच्या कामावरून, ह्यासारखी जिव्हारी लागणारी गोष्ट नाही.

"मी काय मनाने केलं?" तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय."

"आम्ही?"

मिस्त्रीने बोटाने पान वर सरकवलं आणि फोन भाच्याच्या नाकासमोर धरला. रिंगांच्या पहिल्या पानावर, चौकटीत, आत्याच्या सुबक अक्षरात ओळ होती: 'जुनी रिंग पानावर ठेवा. जी रेघ झाकली जाईल तीच तुमची.'

भाच्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. पानं त्याने स्वतःच्या हाताने स्कॅन केली होती. ओळही त्यांच्यासोबत गेली होती. त्याने ती वाचलीच नव्हती.

"ह्यांनी वाचली, तू नाही वाचलीस," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही. "अक्कल कुणाची कमी झाली म्हणालास, दादा?"

दादाला अचानक खोक्यांवरची लेबलं तपासायची आठवण झाली.

मिस्त्रीची रिंग आत्याने पुस्तकाच्या पानावर ठेवली, रेघ झाकली गेली, नंबर मिळाला. बरोबर रिंग काढून तिने त्याच्या हातात दिली. "हा फोन तासभर इथे राहू दे. पंप सुरू करा आणि घ्यायला या."

तो गेल्यावर भाचा खाली मान घालून म्हणाला, "ती ओळ काढून टाकतो, आत्या. लगेच."

"ओळ काढलीस म्हणून हात थांबतील? सत्तावीस वर्षांची सवय आहे. त्यांना मीच लावली आणि चांगली लावली. तुझ्या काचेला सुधार."

"प्रत्येकाचा फोन वेगळा असतो. रंगाच्या कारखान्यात तर मोठा कॉम्प्युटर, तिथे पान उलट मोठं दिसतं. कुणाची काच केवढी, मला इथून काय कळणार?"

"तुला कशाला कळायला पाहिजे? ज्याची काच, त्यालाच मोजू दे."

"लोक फुटपट्टी घेऊन फिरतात का?"

"पाकीट काढ."

"काय?"

"पाकीट काढ म्हणते ना."

भाच्याने पाकीट काढलं. आत्याने त्यातलं बँकेचं कार्ड ओढलं, व्हर्निअरमध्ये धरलं. मग स्वतःच्या पर्समधून आपलं काढलं, ते धरलं. दादाला हाक मारून त्याचंही मागवलं. तीन बँका, तीन रंग, माप एकच.

"मशीनमध्ये जायचं असतं त्याला," ती म्हणाली. "म्हणून सगळीकडे एवढंच. केसाचा फरक नाही. आधी काचेवर एक चौकोन दाखव. माणूस त्यावर कार्ड ठेवील आणि चौकोन बोटाने ताणून कार्डाएवढा करील. तो एवढा झाला की माझी वर्तुळं त्याच हिशेबाने मोठी-लहान होऊ देत. हे तुला करता येतं की नाही?"

भाच्याने तिन्ही कार्डं एकावर एक ठेवून पाहिली. मग म्हणाला, "येतं. सोपं आहे." आणि आपलं कार्ड पाकिटात सारता सारता, "हे मला का नाही सुचलं?"

"तू कधी पानावर रिंग ठेवली नाहीस म्हणून."

तासाभरात झालं नाही. मिस्त्री फोन घेऊन गेला आणि तीन दिवसांनी पुन्हा आला. आत्याने त्याच्यासमोर पान उघडलं. त्याने संशयाने कार्ड काचेवर ठेवलं, चौकोन ताणला, वर्तुळं फुगून खऱ्या मापाला आली. मग रिंग ठेवली. भाचा वाकून बघत होता. रेघ झाकली गेली. आत्याने तीच रिंग छापील पानावर ठेवून पाहिली. तोच नंबर.

"बसली," मिस्त्री म्हणाला. मग भाच्याकडे वळून, "आता हस."

"चुकलं माझं, काका."

"चुकू दे. मी बारा वेळा चुकलोय."

पंचवीस तारखेपर्यंत परतीच्या ढिगात दोन पुडकी उरली. दादाने आत्याला पुन्हा काउंटरवर बोलावलं. ती आली नाही. "इथे टेबलावर ये," तिने आतून सांगितलं. दादा आला. सत्तावीस वर्षांत तो ह्या टेबलासमोर पहिल्यांदाच उभा होता.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "पुस्तक चालू ठेवू. आहे तसं."

"आहे तसं कशाला? सहाशे पानं नट-बोल्टांची छापून काय करायचंय? अर्धा माल छापून होईपर्यंत बदलतो. ते काचेवरच शोभतं, पोराने चांगलं केलंय." भाचा दारात उभा होता, तो ताठ झाला. "फक्त रिंगांची चोवीस पानं छापायची. तेलाच्या हाताने फोन कुणी उघडत नाही. पान जाड, पुसता येईल असं. आणि छापील असो की काचेवरचं, रेघ पहिल्यांदा मी तपासणार. मी हो म्हटल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. टेबल इथेच. कॉम्प्युटर पलीकडच्या भिंतीला लावा."

दादाने भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "पलीकडची भिंत चालेल."

एक तारखेला पॅकिंगमधलं स्टूल टेम्पोवाल्याने बसायला नेलं. पुढच्या महिन्यात चोवीस पानांचं पुस्तक छापून आलं. दादाने ते पुढून उघडलं, मागून उघडलं, पुन्हा पुढून उघडलं.

"माझा फोटो?"

"ह्या पुस्तकात जे आहे ते खऱ्या मापात आहे, दादा. तू पानात मावला नाहीस."

पहिल्या पानावर चौकटीतली ती जुनी ओळ होती. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं 'रेघा काढणारी', आणि त्यापुढे आत्याचं पूर्ण नाव. दादाने ते दोनदा वाचलं. धाकट्या बहिणीचं पूर्ण नाव त्याने बऱ्याच वर्षांत वाचलं नव्हतं.

आत्याने त्याच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, टेबलावर उलगडलं आणि पहिल्या वर्तुळावर व्हर्निअर ठेवलं.