नीलमला कोणी काढलं

आठ वर्षं मार्थाबाई एकच गोष्ट मागत होत्या आणि आठ वर्षं अब्राहाम पाटोळे ती टाळत होते. "मला ते पाणी एकदा बघायचंय," एवढंच त्या म्हणायच्या.

केडगावहून पिंपळडोह काही लांब नव्हतं. राहू गावाच्या पुढं, भीमेच्या काठी, मोपेडवर तासाभराची वाट. पण त्याच पाण्यात त्यांचा एकुलता एक मुलगा इमॅन्युएल बुडाला होता, आणि तोही दारू पिऊन. निदान पोलिसांच्या कागदावर तसं होतं. पोरगा नदीपलीकडं शिरूर तालुक्यात एका कंपनीत कामाला होता. सुट्टीच्या दिवशी पिंपळडोहच्या मासळी महोत्सवाला गेला, नशेत पोहायला उतरला आणि दोन दिवसांनी खालच्या बंधाऱ्याला सापडला. गावातल्या दोघांनी तसा जबाब दिला होता.

अब्राहाम रेल्वेतून निवृत्त झालेले, चर्चच्या पंच कमिटीतले, कडक शिस्तीचे. मातीच्या दिवशी शवपेटी समोर असताना ते उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या मुलाला दारूनं नेलं. तरुणांनी यातून शिकावं." लोकांनी त्यांच्या धीराचं कौतुक केलं. मार्थाबाई मात्र त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. "टेबलावर काय होईल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आता तरी न्या."

"नेतो. पण महोत्सवाच्याच दिवशी कशाला?"

"त्या दिवशी गर्दी असते. तुम्ही कोण, कशाला आलात, असं कुणी विचारत नाही."

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळची उपासना आटोपून दोघं निघाले. पिंपळडोहच्या वेशीपासूनच गाड्यांची रांग लागलेली. पुण्याहून आलेली माणसं पोराबाळांसकट उतरत होती. घाटावर मांडव, मांडवात बचत गटांच्या बायकांचे स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर कढई. चिलापी तळली जात होती, मरळाचं कालवण रटरटत होतं, आणि सगळ्यावर मसाल्याचा खमंग धूर. खाली पाण्यात नारिंगी जॅकेट घातलेल्या लोकांना होड्या फिरवून आणत होत्या.

मार्थाबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. अब्राहाम त्यांच्यामागं दोन पायऱ्या सोडून उभे होते, पाण्याकडं न बघता. इतक्यात स्टेजवरून मच्छीमार सोसायटीचे चेअरमन पोपटराव यांचा आवाज घुमला. "मंडळी, बारा वर्षं झाली आपल्या महोत्सवाला. एवढ्या वर्षांत एकदा बी गालबोट लागलं न्हाई!"

टाळ्या पडल्या. मार्थाबाईंनी मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. अब्राहामांनी मान खाली घातली. पिऊन मेलेल्याला कोण धरतं हिशेबात, असं त्यांच्या मनात आलं आणि आठ वर्षांची ती जुनी लाज पुन्हा कानापर्यंत चढली.

"बसा कुठंतरी," मार्थाबाई म्हणाल्या. "तुमच्या गोळीची वेळ झाली. दोन घास खा."

कडेच्या स्टॉलवर बाकडं रिकामं होतं. स्टॉलवालीनं, चाळिशीच्या एका दणकट बाईनं, भाकरी आणि तळलेल्या माशाचं ताट पुढं केलं. ताट देता देता तिची नजर अब्राहामांच्या तोंडावर पडली आणि तिथंच अडकली. ताट तिनं सोडलंच नाही. दोघांच्या हातात ते तसंच राहिलं.

"कुठलं म्हणायचं तुम्ही?" तिनं विचारलं.

"केडगाव."

"केडगावात कुठं? मिशनकडं?"

"हो. का?"

बाईनं ताट बाकड्यावर ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. "तुमचं पोरगं..." म्हणाली आणि थांबली. मग मागं वळून हाक मारली, "नीलम! इकडं ये आधी."

चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली मुलगी हात पुसत पुढं आली. बाईनं तिला दंडाला धरून दोघांच्या समोर उभं केलं.

"मामा, मी साखरबाई. ही माझी लेक. हिला तुमच्या पोरानं पाण्यातनं काढली."

अब्राहामांना शब्द ऐकू आले, पण अर्थ लागेना. ते त्या मुलीच्या वेण्यांकडंच बघत राहिले.

"कुणी काढली?" मार्थाबाईंनी विचारलं.

"त्यानंच. डावी भुवई तुटलेली, नाक असं, ह्यांच्यासारखंच. इथंच बसून भाकरी खात व्हता. तवा ही जाकिटं-बिकिटं काय न्हवती. सात माणसांची होडी, तिच्यात गावचीच अठरा बसवलेली. मधल्या डोहात पालथी झाली. आमचं समदं गाव नुसतं बोंबलत व्हतं आन् त्यो भाकरी टाकून पळत सुटला. चपला बी तितंच. पहिल्यांदा एक पोर आणलं, मग दुसरं आणलं. काठावरनं लोक म्हणत व्हते, बास, आता दमलास. मी वरडले, माझी नीलम ऱ्हायली. त्यो परत गेला. हिला पालथ्या होडीवर टाकली. मग न्हाई दिसला."

कढईतला मासा करपायला लागला होता. कुणीच तो काढला नाही.

"बाकी समदी वाचली," साखरबाई म्हणाली. "काहिलीत बसून मासं धरणाऱ्यांनी काढली. एक त्योच गेला."

"आणि दारू?" अब्राहामांनी विचारलं. हा प्रश्न आपल्याच तोंडून आला हे त्यांना नंतर कळलं.

"कसली दारू? त्यानं माझ्याकडनं ताक मागून घेतलेलं."

मार्थाबाईंनी बाकड्याची कड घट्ट धरली. "मग तो जबाब?"

साखरबाईनं मान वळवली. स्टॉलच्या मागं एक वाळकुडा माणूस पाटावर बसून माशाचे खवले काढत होता. त्याच्या हातातली सुरी थांबलेली होती.

"होडी चालवणारा हाच," ती म्हणाली. "माझा मालक, दगडोबा. जबाब देणाऱ्या दोघांतला एक हा, दुसरा पोपटराव. होडी पोपटरावाची व्हती. ह्यो आत जाईल म्हणून मी बी भ्याले, गप बसले."

अब्राहाम उठले. त्या माणसाच्या नरडीला जावं असं एक क्षण वाटलं. ज्याच्या मुलीला त्यांच्या मुलानं वाचवलं, त्याच माणसानं त्या मुलाला दारुडा म्हणून लिहून दिलं होतं. हे डोक्यात मावत नव्हतं. आणि ते मावेपर्यंत दुसरं काहीतरी त्याच्याही पुढं आलं. या माणसानं अंगठा उठवला तो तुरुंगाच्या भीतीनं. आपण पेटीपुढं उभं राहून बोललो ते कुठल्या भीतीनं?

"मार्था, मी त्याच्या पेटीपुढं..."

"तुम्ही कागदावर विश्वास ठेवलात," मार्थाबाई म्हणाल्या. "मी शंभरदा सांगितलं, त्याला त्या वासानं उलटी यायची. माझ्यावर नाही ठेवलात."

छातीवर कमिटीचा बिल्ला लावलेले पोपटराव तेवढ्यात तिथं आले. "काय साखरबाई, गिऱ्हाईक खोळंबलंय की. पावनं कुठलं?" मग त्यांनीही अब्राहामांचा चेहरा नीट पाहिला आणि त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"मी इमॅन्युएलचा बाप," अब्राहाम म्हणाले.

पोपटरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आबा, झालं ते वाईट झालं. पण आता उकरून काय मिळणार हाय? गावाच्या पोटाचा प्रश्न व्हता. अपघात म्हणलं असतं तर महोत्सव कायमचा बंद. शंभर घरच्या चुली ह्याच्यावर हायेत."

"माझ्या पोराला दारुडा करून तुमच्या चुली पेटल्या, व्हय?" मार्थाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की शेजारच्या स्टॉलवरच्या बायकांचे हात थांबले.

मागं पाटावरचा माणूस उठला. त्यानं बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, सावकाश, कोपरापर्यंत. मग अब्राहामांच्या समोर येऊन उभा राहिला. वर मात्र बघितलं नाही.

"मामा, ठाण्यात चला. मी खरं काय ते लिवून देतो."

"दगड्या, शुद्धीवर ये," पोपटराव म्हणाले. "वल्हं तुझ्या हातात व्हतं. आत तू जाशील."

"जाईन." एवढंच तो म्हणाला.

साखरबाईनं गॅस बंद केला, शेजारणीला स्टॉल बघायला सांगितला आणि लेकीचा हात धरला. दगडोबाचा टेम्पो मांडवामागं उभा होता, माशांचे रिकामे क्रेट अजून आतच होते. पुढं दगडोबा आणि अब्राहाम बसले. मागं क्रेटवर तिघी बायका.

ठाण्यात हवालदारानं आधी हात झटकले. "आठ वर्षांनी? तवा काय झोपला हुतास?" पण दगडोबा ढळला नाही. होडी कुणाची, माणसं किती, कुणी काय बोलायला लावलं, सगळं त्यानं सांगितलं. हवालदाराचं पेन हळूहळू चालायला लागलं. अब्राहाम शेजारी बसून एकेक ओळ ऐकत होते. मुलगा पुन्हा एकदा मरत होता, आणि या वेळी निराळ्या तऱ्हेनं.

बाहेरच्या बाकावर मार्थाबाईंनी नीलमला विचारलं, "तुला आठवतो का गं तो?"

"चेहरा न्हाई आठवत, आजी," नीलम म्हणाली. "केसाला धरून वडलं त्येवढं आठवतंय. लई दुखलेलं."

मार्थाबाई हसल्या. आठ वर्षांत मुलाच्या आठवणीनं त्या पहिल्यांदाच हसल्या. "आडदांडच होता," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना जे रडू फुटलं ते साखरबाईनं मिठीत घेतल्यावरही थांबेना.

पुढं चौकशी लागली. पोपटरावांनी सगळं नाकारलं, चेअरमनकी मात्र सोडावी लागली. दगडोबाला अटक झाली, जामीन मिळाला, तारखा अजून चालू आहेत. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी टेम्पोनं दोघांना परत पिंपळडोहला सोडलं आणि उन्हं कलताना मोपेड केडगावच्या वाटेला लागली. राहूच्या अलीकडं, उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती तिथं, अब्राहामांनी गाडी कडेला घेतली. हँडल धरवत नव्हतं, हात लटलट कापत होते. ते खाली उतरून मातीतच बसले.

मार्थाबाई दुखऱ्या गुडघ्यानं कशाबशा त्यांच्याजवळ टेकल्या.

"मला माफ करशील?" अब्राहामांनी विचारलं.

मार्थाबाईंची नजर समोरच्या ट्रॉल्यांवर होती. "ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आज विचारू नका."

मग त्यांनी नवऱ्याचे कापणारे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि ते शांत होईपर्यंत दाबून धरले.