टेबलावरचा चौकोन

पॉलिशचा डबा उघडू नकोस अजून. बस इथं बाकावर. टेबलाच्या मधोमध तो चौकोनी डाग दिसतोय ना, त्याची गोष्ट सांगतो. मग ब्रश उचल.

आपल्या चर्चमध्ये एका संत बाईंचा अवशेष आला होता, एकाच दिवसासाठी. रोग्यांची घाण उपसण्यात जन्म घालवलेली बाई ती. हाडाचा तुकडा, तांदळाएवढा. काचेची पेटी, पितळेचं बूड, बुडाच्या कडेला लाखेचं सील. पेटी ठेवायला टेबल करायचं काम माझ्याकडे.

माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, तीस वर्षं वेदीची वस्त्रं धुवायची, रफू करायची. त्या वर्षी तिचे पाय गेले. मला म्हणाली, "भावजी, एकदा डोळ्यांनी बघायचंय हो मला ते."

म्हटलं, "खुर्चीसकट उचलून नेतो."

तर भडकली. "मी काय कपाट आहे? बावीस पायऱ्या लोकांच्या खांद्यावरून चढायच्या? चालत येईन, नाहीतर घरी राहीन." भिंत हलेल एक वेळ, वहिनी हलायची नाही.

अवशेष यायच्या सकाळी मला दुर्बुद्धी सुचली. टेबलाला पॉलिशचे दोन हात मारून झाले होते, खडखडीत वाळले होते. पण एवढी माणसं बघणार म्हणून मी तिसरा मारला. दुपारी बोट लावून पाहिलं, कोरडं लागलं. वरून कोरडं, आत ओलं. पेटी आली, ठेवली.

मग ही रांग. लोक आशीर्वादासाठी रुमाल द्यायचे. पेटीसोबत आलेले म्हातारे फादर हातमोजे घालून रुमाल काचेला टेकवायचे आणि परत द्यायचे. दुसऱ्या कुणाचं बोट लागू देत नव्हते. पाचला पेटी निघायची, तर उचलेना. पेटीबरोबर टेबलच वर यायला लागलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांना इथंच राहायचंय." माणसं भराभर गुडघे टेकायला लागली. मी गर्दीतून पुढं घुसलो. म्हाताऱ्या फादरांच्या कानात सांगितलं, "चमत्कार नाही फादर, मी गाढव आहे."

थिनर सोडू? लाख विरघळेल. शेक देऊ? लाख वितळेल. हिसका मारू? फादर म्हणाले, "सील तुटलं तर हा अवशेष खराच आहे, असं कशावरून सांगू?"

मी पळत घरी गेलो. वहिनीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. "तिसरा हात कशाला, भावजी? दोन पुरत नव्हते?" मग म्हणाली, "सुईदोऱ्याचा डबा द्या. आणि उचला."

"खुर्चीसकट?"

"मग काय उडत जाऊ? कामाला निघालेय मी."

चौघांनी उचलली. टेबलाशी बसल्यावर तिनं जाड दोऱ्याला मेण लावलं, एका कोपऱ्यातून बुडाखाली सरकवला, एक टोक मला दिलं. "करवतीसारखा चालवा, पण वर बाळ झोपलंय असं समजून." मग फादरांना म्हणाली, "एक हात पेटीवर ठेवल्याशिवाय जमायचं नाही."

फादरांनी तिच्याकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. "ठेवा बाई."

अर्धा तास तिचा उघडा तळवा त्या काचेवर होता. माझा दोरा भरकटला की नुसती "हं" करायची. पेटी सुटली तेव्हा सीलला ओरखडा नव्हता. फादरांनी बूड पुसेपर्यंत पेटी तिनंच हातांत धरली. आत बघून हळूच म्हणाली, "किती एवढ्याशा राहिलात हो." मग मला, "चला, झालं काम."

मला वाटलं, आता पुन्हा भिंत. पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या वेळी पाहतो तर केस विंचरून खुर्चीत तयार. "बघता काय? कामाला उचलता येतं, मग मिस्साला हात दुखतात?"

तेव्हापासून दर रविवारी उचलतोय. वजन वाढलंय तिचं, हे बोलू नकोस कुठं. आत आली की आधी टेबलापाशी थांबायला लावते आणि त्या चौकोनावर तळवा ठेवते.

तर बाबा, बाकी टेबल आरशासारखं कर, माझी ना नाही. तेवढ्या चौकोनाला ब्रश लावू नकोस.